कृत्रिम सांध्याभोवतीचे फ्रॅक्चर आणि त्याचा कोड

कृत्रिम सांधा बसवलेल्या हाडाला त्या सांध्याच्या आसपास फ्रॅक्चर झाले, की त्याला पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चर म्हणतात. खुब्याच्या सांधेबदलात मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात. त्याला स्टेम म्हणतात. धातू ताठ आणि हाड त्या मानाने लवचीक, त्यामुळे स्टेमच्या टोकाशी ताण एकवटतो आणि हाड बहुधा तिथे किंवा त्याच्या जवळपास मोडते. गुडघ्याच्या सांधेबदलानंतर मांडीच्या हाडाचा खालचा भाग हीच कमजोर जागा ठरते. बहुतेक रुग्ण वयस्कर असतात आणि निमित्त साधे असते: न्हाणीघरात पाय घसरणे, पलंगावरून उठताना तोल जाणे. सांधा बसवून बरीच वर्षे झालेली असतील, तर झिजलेल्या प्लॅस्टिकच्या कणांमुळे आजूबाजूचे हाड विरलेले असू शकते आणि स्टेम सैलही झालेला असू शकतो. हाड मोडल्यामुळे स्टेम सैल झाला, की सैल स्टेममुळे हाड मोडले, हे पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळते.

अमेरिकेतील रुग्णालयांत अशा प्रत्येक रुग्णाचे निदान आयसीडी-१०-सीएम या वर्गीकरणातील कोडमध्ये लिहावे लागते. त्या कोडवर विम्याचे पैसे, रुग्णालयाच्या गुणवत्तेचे आकडे आणि पुढचे संशोधन अवलंबून असते. हे काम भारतातही मोठ्या प्रमाणावर होते. चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबई या शहरांतील कार्यालयांत बसून जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा होमिओपॅथीचे पदवीधर अमेरिकेतले चार्ट वाचतात. कोडरला रुग्ण दिसत नाही आणि डॉक्टरही दिसत नाही. एक्स-रेची फिल्म समोर असली तरी तिच्यावरून निदान करण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्या हाती असतात इमर्जन्सी विभागाची नोंद, रेडिओलॉजिस्टचा अहवाल, ऑर्थोपेडिक सर्जनचे कन्सल्टेशन, ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज समरी. या पाच कागदांत एकाच फ्रॅक्चरचे वर्णन पाच तऱ्हांनी आलेले असू शकते. कोडरची खरी कसोटी कोड पाठ असण्यात नसते. कागदांना कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, हे कळण्यात असते.

या फ्रॅक्चरच्या कोडचा इतिहास छोटा आहे, पण त्याच्याशिवाय आजचे नियम समजत नाहीत. आधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये १ ऑक्टोबर २००५पासून त्यासाठी ९९६.४४ हा कोड होता. तो शरीरात बसवलेल्या ऑर्थोपेडिक उपकरणांच्या यांत्रिक गुंतागुंतींत मोडत असे. सांधा कोणता, हे सांगायला व्ही४३.६ या गटातला आणखी एक कोड जोडावा लागे. पाय डावा की उजवा, हे सांगायची सोयच नव्हती. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम लागू झाले. त्यात टी८४.०४ हा उपगट आला आणि डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्र कोड मिळाले. जागा मात्र तीच राहिली: एकोणिसाव्या प्रकरणात, सांधा निखळणे, सैल होणे, तुटणे यांच्या रांगेत. वर्षभरातच, १ ऑक्टोबर २०१६ला, टी८४.०४ रद्द झाला आणि तेराव्या, म्हणजे अस्थि-स्नायुसंस्थेच्या प्रकरणात एम९७ हा नवा गट तयार झाला.

हा बदल नुसत्या पत्त्याचा नव्हता. टी८४मध्ये नोंद झाली, की कागदावर ती कृत्रिम सांध्याची गुंतागुंत ठरते. प्रत्यक्षात उत्तम बसलेल्या, दहा वर्षे बिनतक्रार चाललेल्या सांध्याचा रुग्ण पायरीवरून पडला आणि हाड मोडले, तर त्यात सांध्याचा दोष नसतो आणि तो बसवणाऱ्या सर्जनचाही नसतो. एम९७ एवढेच सांगतो, की फ्रॅक्चर कृत्रिम सांध्याभोवती आहे. ते का झाले, हे सांगण्याचे काम दुसऱ्या कोडकडे गेले. अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांतला सर्वसाधारण नियमही याला धरूनच आहे: शस्त्रक्रियेनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट गुंतागुंत नसते, उपचार आणि परिणाम यांचा संबंध डॉक्टरने नोंदवलेला असावा लागतो. या विचारसरणीमुळे आज एका फ्रॅक्चरसाठी किमान दोन कोड लागतात आणि ते ठरवण्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: मोडले काय, हाड की सांधा? ऐकायला तो बाळबोध वाटतो, पण चार्टमध्ये गफलत इथेच सुरू होते. ‘फ्रॅक्चर्ड प्रोस्थेसिस’ आणि ‘पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चर’ हे शब्द घाईत एकमेकांच्या जागी लिहिले जातात. धातूचा स्टेम, सिरॅमिकचा गोळा किंवा प्लॅस्टिकचा भाग तुटला असेल, तर तो टी८४.०१, म्हणजे तुटलेला कृत्रिम सांधा. तिथे गुंतागुंत हाच योग्य वर्ग आहे. हाड मोडले असेल तर एम९७. ‘हार्डवेअर फेल्युअर’ एवढाच शब्द असेल तर त्यातून दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी ऑपरेशन नोटमधले वर्णन उपयोगी पडते. सर्जनने काय बाहेर काढले, काय जुळवले आणि काय तसेच ठेवले, हे तिथे सविस्तर असते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे हाडात नेमके काय बसवलेले होते. एम९७ फक्त कृत्रिम सांध्यासाठी आहे. जुन्या फ्रॅक्चरसाठी बसवलेली प्लेट किंवा नेल असेल आणि तिच्या टोकाशी हाड पुन्हा मोडले असेल, तर काही डॉक्टर सवयीने त्यालाही पेरिप्रोस्थेटिक म्हणतात. प्लेट हा सांधा नव्हे. तिथे एम९७ लागू होत नाही. म्हणून पूर्वीच्या शस्त्रक्रियांचा इतिहास वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही शिस्त मुरलेल्या कोडरच्या हातात बसलेली असते.

दुसरा प्रश्न: हाड मोडले केव्हा? सिमेंटशिवायचा स्टेम हाडात घट्ट ठोकून बसवताना मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला तडा जाऊ शकतो. सर्जन तिथल्या तिथे तारेचा वेढा घालतो आणि शस्त्रक्रिया पुढे नेतो. सांधा बसवताना किंवा काढताना झालेले असे फ्रॅक्चर एम९६.६ या गटात जाते. त्यात मांडीच्या हाडासाठी एम९६.६६१ हा उजव्या आणि एम९६.६६२ हा डाव्या बाजूचा कोड आहे. हा गट शस्त्रक्रियेशी थेट जोडलेल्या विकारांचा असल्यामुळे त्याचा वापर जपून करावा लागतो. ‘किरकोळ तडा दिसला, वायर घातली, स्टेम स्थिर’ असे एखादे वाक्य ऑपरेशन नोटच्या मधोमध असते आणि शेवटी ‘गुंतागुंत: काही नाही’ असे लिहिलेले असते. दोन्ही विधाने एकाच सर्जनची असतात. कोडरने त्यातले सोयीचे एक उचलायचे नसते. लेखी विचारणा करायची असते. नंतर, घरी किंवा रस्त्यावर पडून झालेले फ्रॅक्चर मात्र शस्त्रक्रियेला दोनच महिने झाले म्हणून एम९६.६मध्ये ढकलता येत नाही.

तिसरा प्रश्न: सांधा कोणता आणि बाजू कोणती? एम९७.० खुब्यासाठी, एम९७.१ गुडघ्यासाठी, एम९७.२ घोट्यासाठी, एम९७.३ खांद्यासाठी आणि एम९७.४ कोपरासाठी आहे. बाकीच्या सांध्यांना एम९७.८ आणि सांधा नोंदवलेलाच नसेल तर एम९७.९. बाजूसाठी त्यापुढे १ म्हणजे उजवी, २ म्हणजे डावी. कोड सात स्थानांचा असावा लागतो, म्हणून रिकाम्या सहाव्या जागी एक्स येतो. उजव्या खुब्याच्या सांध्याभोवतीचे, उपचार चालू असलेले फ्रॅक्चर म्हणून एम९७.०१एक्सए असे लिहिले जाते.

इथे एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात उशिरा येते. एम९७ सांध्याचे नाव सांगतो, हाडाचे नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याभोवती मांडीचे हाड मोडू शकते, नडगीचे मोडू शकते किंवा गुडघ्याची वाटीही मोडू शकते. तिन्ही वेळा एम९७.१च येतो. खरे हाड दुसऱ्या कोडमधूनच कळते. तो कोड राहिला, तर सर्जनने काय जोडले याचा मेळच लागत नाही. एकाच मांडीच्या हाडात वर खुब्याचा आणि खाली गुडघ्याचा कृत्रिम सांधा असेल आणि फ्रॅक्चर त्या दोघांच्या मध्ये असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. फ्रॅक्चरचा संबंध कोणत्या सांध्याशी, हे अंतर मोजून कोडर ठरवू शकत नाही. ते डॉक्टरच्या शब्दांत यावे लागते.

चौथा प्रश्न: हाड का मोडले? बहुतेक वाद इथेच होतात. निरोगी हाड जोरदार आघाताने मोडले असेल, तर दुसरा कोड दुखापतींच्या प्रकरणातला: मांडीच्या हाडासाठी एस७२, नडगीच्या हाडासाठी आणि गुडघ्याच्या वाटीसाठी एस८२. ऑस्टिओपोरोसिसने ठिसूळ झालेले हाड असेल तर एम८०. कर्करोग पसरलेल्या जागी मोडले असेल तर एम८४.५. काही विशिष्ट औषधांच्या दीर्घ वापरानंतर दिसणाऱ्या असामान्य फ्रॅक्चरसाठी एम८४.७५ आहे, तोही २०१६च्या ऑक्टोबरमध्येच आला.

एस७२ आणि एम८० यांच्यातली निवड रोजच्या कामात वारंवार करावी लागते. मार्गदर्शक तत्त्वांचा नियम स्पष्ट आहे: रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस असल्याचे माहीत असेल आणि निरोगी हाड सहसा मोडणार नाही अशा किरकोळ पडण्याने ते मोडले असेल, तर दुखापतीचा कोड न देता एम८० द्यायचा. पण चार्टमध्ये हे दोन धागे क्वचितच एकत्र येतात. ऑस्टिओपोरोसिस जुन्या आजारांच्या यादीत असतो, पडल्याची हकिगत इमर्जन्सीच्या नोंदीत असते, आणि सर्जन फक्त फ्रॅक्चर कुठे आणि कसे, एवढेच लिहितो. हाड ठिसूळ असल्यामुळे मोडले, असे कुणीच लिहिलेले नसते. रुग्णाचे वय ८२ आहे आणि ती उभ्या उभ्या पडली, म्हणून आपणच निष्कर्ष काढावा, हा मोह वैद्यकीय पार्श्वभूमीच्या कोडरला जास्त होतो. त्याचे ज्ञान बरोबर असते. ते वापरायची जागा मात्र निदान ही नसून विचारणा ही असते.

विचारणेला कार्यालयात क्वेरी म्हणतात. अमेरिकेतील आरोग्य-माहिती व्यवस्थापकांची संघटना ‘अहिमा’ आणि क्लिनिकल नोंदींच्या तज्ज्ञांची संघटना ‘अ‍ॅक्डिस’ यांनी मिळून क्वेरीचे संकेत ठरवले आहेत. प्रश्नातून उत्तर सुचवायचे नाही, पैशांवर होणाऱ्या परिणामाचा उल्लेख करायचा नाही आणि चार्टमधले पुरावे जसेच्या तसे मांडायचे. या फ्रॅक्चरबाबतची चांगली क्वेरी साधारण अशी असते: रुग्णाच्या इतिहासात ऑस्टिओपोरोसिसची नोंद आहे, ती घरात चालताना पडली, उजव्या खुब्याच्या सांध्याभोवती मांडीचे हाड मोडले. फ्रॅक्चरचे स्वरूप कृपया नोंदवावे: आघातजन्य, ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेले, अन्य कारणाने झालेले, किंवा ठरवता येत नाही. ‘हे ऑस्टिओपोरोसिसमुळेच ना?’ असे विचारले तर ती क्वेरी ऑडिटमध्ये टिकत नाही, उत्तर बरोबर असले तरीही.

चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरी सातव्या स्थानाचे अक्षर उरते. एम९७साठी तीनच अक्षरे आहेत: उपचार चालू असताना ए, बरे होण्याच्या काळात डी आणि मागे राहिलेल्या परिणामांसाठी एस. एस७२मध्ये मात्र मोठी यादी आहे. बंद फ्रॅक्चरला ए, उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरला तिच्या प्रकाराप्रमाणे बी किंवा सी. शिवाय उशिरा जुळणे, न जुळणे, वाकडे जुळणे यांसाठी वेगवेगळी अक्षरे. एम८०ची यादी या दोहोंच्या मधली. त्यामुळे दोन्ही कोडना एकच अक्षर लावण्याची सवय घातक ठरते. उघड्या फ्रॅक्चरमध्ये एस७२ला बी आणि एम९७ला ए येणे अगदी बरोबर असते. ए म्हणजे पहिली भेट, हा समजही खोटा आहे. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवला गेला आणि तिथे त्याची शस्त्रक्रिया झाली, तरी ते सक्रिय उपचारच असतात आणि अक्षर ए हेच राहते. नोंदीत काहीच लिहिलेले नसेल तर दुखापतीचे फ्रॅक्चर बंद आणि सरकलेले धरायचे, असाही नियम आहे.

सर्जनची स्वतःची भाषा या कोडच्या भाषेपेक्षा वेगळी आहे. खुब्याभोवतीच्या फ्रॅक्चरसाठी ते डंकन आणि मसरी यांनी १९९५मध्ये मांडलेले व्हँकूव्हर वर्गीकरण वापरतात. हाडाच्या वरच्या उंचवट्यांचे फ्रॅक्चर ए, स्टेमभोवतीचे किंवा त्याच्या टोकालगतचे बी, टोकाच्या बरेच खालचे सी. बीचे पुन्हा तीन भाग: स्टेम घट्ट असेल तर बी१, सैल असेल तर बी२, सैल असून हाडाचा साठाही खालावलेला असेल तर बी३. उपचार यावरच ठरतात. बी१मध्ये बहुधा प्लेट आणि वायरने हाड जोडतात. बी२मध्ये जुना स्टेम काढून लांब स्टेम घालतात. बी३मध्ये हाडाच्या कमतरतेवर आणखी मोठा उपाय लागतो.

आयसीडीच्या कोडमध्ये व्हँकूव्हर वर्गीकरणाला जागा नाही. बी२ या दोन अक्षरांवरून स्टेम सैल झाल्याचा टी८४.०३ हा कोड लिहून टाकता येत नाही. सैल झाल्याचे निदान शब्दांत हवे. तरीही ही अक्षरे कोडरला फार उपयोगी असतात. नोटमध्ये बी१ आहे आणि स्टेम बदलल्याचे वर्णन आहे, किंवा बी२ आहे आणि फक्त प्लेट लावलेली आहे, असे दिसले की काहीतरी वाचायचे राहिले आहे किंवा विचारायचे राहिले आहे, हे लगेच ध्यानात येते. भरती रुग्णाच्या बिलावर याचा परिणाम मोठा असतो. हाड जागेवर आणून जोडणे आणि जुना सांधा काढून नवा बसवणे यांचे प्रक्रिया-कोड वेगळे आहेत. मेडिकेअर या अमेरिकेतील सरकारी विमा योजनेच्या एमएस-डीआरजी या बिलगटांच्या पद्धतीत खुबा व मांडीच्या हाडावरच्या इतर शस्त्रक्रिया ४८० ते ४८२ या गटांत आणि सांध्याची फेरशस्त्रक्रिया ४६६ ते ४६८ या गटांत जाते. रक्कम बदलते, म्हणून तपासणीही कडक असते.

काही नियम सगळ्याच कोडिंगचे आहेत, पण या फ्रॅक्चरमध्ये ते पदोपदी लागतात. भरती रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी निदान ‘संभाव्य’ म्हणून लिहिलेले असेल तर ते असल्याचे धरून कोड देता येतो. बाह्यरुग्ण विभागात तसे चालत नाही. भरती रुग्णात निव्वळ रेडिओलॉजिस्टच्या अहवालावरून फ्रॅक्चरचे निदान उचलता येत नाही. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरने फ्रॅक्चर नोंदवले असेल, तर हाडाची नेमकी जागा त्या अहवालातून घेता येते. कृत्रिम सांधा असल्याची नोंद करणारे झेड९६.६ गटातले कोड, तीच माहिती मुख्य कोडमध्ये आली असेल तर पुन्हा देत नाहीत. दुसऱ्या बाजूचा सांधाही कृत्रिम असेल, तर त्यासाठी मात्र ते लागतात. पडण्याची तऱ्हा आणि जागा सांगणारे कोड शेवटी येतात.

समजा, ऑस्टिओपोरोसिस असलेली एक वृद्ध रुग्ण घरात पडली, उजव्या खुब्याच्या जुन्या कृत्रिम सांध्याभोवती हाड मोडले, आणि ते ऑस्टिओपोरोसिसमुळे मोडल्याचे व स्टेम सैल झाल्याचे सर्जनने शब्दांत लिहून स्टेम बदलला. तिच्या नोंदीत एम९७.०१एक्सए येईल, वयोमानाच्या ऑस्टिओपोरोसिसमुळे उजव्या मांडीचे हाड मोडल्याचा एम८०.०५१ए येईल, सैल झालेल्या उजव्या खुब्याच्या सांध्याचा टी८४.०३०ए विचारात घ्यावा लागेल, आणि पडण्याचे कोड त्यामागे येतील. यातला ‘ऑस्टिओपोरोसिसमुळे’ हा शब्द गळाला तर दुसरा कोड डळमळतो. ‘सैल’ हा शब्द गळाला तर तिसरा जातो. आणि ‘उजवा’ गळाला तर जवळजवळ सगळीच नोंद पांगळी होते. कोणता कोड आधी लिहायचा, हे भरतीचे मुख्य कारण आणि त्या वर्षीच्या पुस्तकातील सूचना पाहून ठरते. नवी आवृत्ती दर १ ऑक्टोबरला लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०मध्ये हा तपशील नाही. त्यात एम९७ नाही, सातवे स्थान नाही. रोपणानंतरच्या फ्रॅक्चरसाठी एम९६.६ आणि सांध्याच्या यांत्रिक गुंतागुंतीसाठी टी८४.० आहे. अमेरिकन चार्टवर तयार झालेला कोडर भारतीय रुग्णालयाच्या नोंदविभागात आला, तर त्याला आपली बरीच हत्यारे खाली ठेवावी लागतात. चार प्रश्न मात्र तसेच कामाला येतात.

या कोडचा उपयोग बिल मंजूर झाल्यावर संपत नाही. सांधेबदलानंतर किती जणांचे हाड मोडते, कोणत्या बाबतीत सांधा जबाबदार असतो आणि कोणत्या बाबतीत ठिसूळ हाड, हे पुढे कुणी मोजायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर हेच कोड असतात. सप्टेंबर २०१५पर्यंत त्याला ९९६.४४ शोधावा लागतो, पुढच्या बारा महिन्यांसाठी टी८४.०४ आणि त्यानंतर एम९७. पहिल्यात बाजू नाही, पहिल्या दोहोंत दोष सांध्याच्या खात्यावर पडलेला आहे, आणि तिसऱ्यात कारण दुसऱ्या कोडवर सोपवलेले आहे. तो दुसरा कोड नीट लिहिलेला असेल, तरच २०१६मध्ये केलेल्या बदलाचा हेतू सफल होतो. तो गाळला किंवा अंदाजाने लिहिला, तर फ्रॅक्चर कृत्रिम सांध्याभोवती होते एवढेच कळते आणि ते का झाले, हा प्रश्न आकड्यांत अनुत्तरित राहतो.